पाणी यायच्या वेळी

भायखळ्याच्या आमच्या चाळीत नळाला पाणी यायचं पहाटे साडेचारला आणि जायचं सहाच्या सुमाराला. तेवढ्या वेळात गॅलरीच्या टोकाच्या एका नळावर अकरा खोल्यांचं दिवसभराचं पाणी भरलं जायचं. आधी हंडे, मग कळशा, मग मोरीतलं पिंप. रात्रीच हंड्यांची रांग लावून ठेवलेली असायची, आणि कुणाचा हंडा कुणाच्या पुढे सरकला यावरून भल्या पहाटे भांडणं व्हायची.

आई चारला उठायची. पाणी यायच्या आधीचा अर्धा तास तिचा स्वतःचा. बाकी दिवसातलं एक मिनिटही तिचं नसायचं, हे मला फार उशिरा कळलं. पिठाच्या उंच डब्यावर ती पवित्र शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, ठेवायची, समोर पाटावर बसायची आणि ओळीखाली बोट फिरवत हलक्या आवाजात वाचायची. नगरच्या मिशन बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकली होती, ही सवय तिथली. आम्ही दोघं भावंडं गोधडीत. दादा गाढ झोपलेला, मी अर्धवट जागी. तिचं ते पुटपुटणं आणि लांबून जाणाऱ्या पहिल्या लोकलची धडधड, माझ्या लहानपणीची पहाट म्हणजे हेच दोन आवाज.

रोज एक अध्याय. एकही जास्त नाही. संपला की शेवटच्या ओळीशेजारी पेन्सिलने एक तिरकी खूण, की पुस्तक बंद. मी कधी जागी असले तर हट्ट करायचे. राणी एस्तेर जिवावर उदार होऊन राजासमोर जायला तयार होते आणि तिथेच अध्याय संपतो. ‘‘पुढचं वाच ना गं.’’ आई म्हणायची, ‘‘उद्याचं उद्या. आजचं आज पचू दे.’’ आणि हंडा काखेत घेऊन बाहेर.

शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मान्नाची गोष्ट आहे. मिसर, म्हणजे इजिप्त, सोडून आलेले लोक रानात उपाशी पडले, तेव्हा सकाळी दंव सुकल्यावर जमिनीवर बारीक कणांसारखं काहीतरी पसरलेलं दिसलं. त्यांनी एकमेकांना विचारलं, ‘‘हे काय आहे?’’ त्या प्रश्नावरूनच त्याचं नाव पडलं मान्ना. माणशी एक ओमर, म्हणजे आपल्या मापाने साधारण दोन लिटर, एवढंच गोळा करायचं. ऊन चढलं की ते वितळायचं. उद्यासाठी दडवून ठेवलं तर किडे पडायचे. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायची मुभा होती आणि त्या दिवशीचं नासत नसे. असं चाळीस वर्षं.

हा अध्याय चाळीतल्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. आमचं पाणी तानसा-भातसाहून, शहापूरच्या डोंगरांतून शंभरेक किलोमीटर चालत यायचं आणि नळाच्या तोंडाशी दीड तास थांबायचं. झोपून राहिलं की गेलं. पिंपात जास्त दिवस साठवलं की त्यात अळ्या दिसायच्या. आई पिंप उपडं करून नारळाच्या शेंडीने घासायची आणि म्हणायची, ‘‘कालच्या पाण्यावर आजचं तोंड धुऊ नये.’’ ती हे पाण्याबद्दलच म्हणत होती. मला त्यात प्रभू येशूने शिकवलेली प्रार्थना ऐकू येते ती आता: आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. आठवड्याची नाही, महिन्याची नाही.

शोमरोनी बाईची गोष्ट तर तिची खास आवडती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, चौथ्या अध्यायातली. भर दुपारी, एकटीच विहिरीवर आलेली बाई. पाणी भरायची वेळ ती नव्हेच, गावच्या बायकांच्या नजरा टाळायला ती तेव्हा आली असणार, असं आई अगदी खात्रीने सांगायची. प्रभू तिच्याकडे पाणी मागतो. बोलणं वाढत जातं, आणि शेवटी ती गावात धावते. तिथे योहान एक बारीक गोष्ट लिहून ठेवतो, ती आपली घागर तिथेच टाकून गेली. आई या ओळीवर थांबायची. ‘‘घागर टाकून गेली म्हणजे काय, हे पाणी भरणाऱ्या बाईला विचार,’’ म्हणायची. मी या उताऱ्यावर पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. घागरीचं वजन इतकं नेमकं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

आता त्या एका शब्दाकडे येते, ज्याने मला इतकी वर्षं धरून ठेवलं आहे.

‘‘जो कोणी माझ्यामागे येऊ पाहतो त्याने आपला वधस्तंभ उचलून मला अनुसरावे’’ या अर्थाचं प्रभूचं वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, मार्काच्याही आहे. वधस्तंभ म्हणजे क्रूस. तेच वचन लूकाच्या नवव्या अध्यायात येतं तेव्हा त्यात एक शब्द जास्त आहे. दररोज. आपला वधस्तंभ दररोज उचलून. मी हे पहिल्यांदा शेजारी-शेजारी ठेवून वाचलं तेव्हा हातातलं पुस्तक मिटून बसले. रोमी राज्यात वधस्तंभ खांद्यावर घेतलेला माणूस एकदाच चालायचा. त्या वाटेने कुणी संध्याकाळी घरी परत यायचं नाही. मरण एकदाच येतं, मग ते रोज कसं उचलायचं?

उपासनेत गाणी म्हणताना, शुभवर्तमान सभेत हात वर करताना, बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरताना माणूस एका दमात सगळं देऊन टाकायला तयार असतो. ते खोटं नसतं. पण शिष्य या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ शिकणारा असा आहे, आणि शिकणं एका दिवसात होत नाही. येशूचा शिष्य पेत्र कोळी होता, त्याने जाळी टाकून दिली तो क्षण एका ओळीचा आहे. त्यानंतरची वर्षं तो चुकतो, बुडतो, रागावतो, तलवार उपसतो, नाकारतो. ती वर्षं म्हणजे शिष्यत्व, असं मला वाटतं.

आईचं दररोज मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंशी तिचा अबोला होता. कारण पाण्याचंच, पण त्यातून घराण्यापर्यंत शब्द गेले होते आणि काकूंनी आमच्या धर्मांतरावरूनही काही बोलून घेतलं होतं. दोन वर्षं दोघी एका नळावर शेजारी उभ्या राहायच्या आणि एकमेकींच्या हंड्याकडेही बघायच्या नाहीत. चूक काकूंची होती. मी हे मुलगी म्हणून म्हणत नाही, सगळी चाळ तेच म्हणायची.

एका पहाटे मत्तयाचा पाचवा अध्याय आला. त्यात आहे की तू वेदीजवळ आपलं अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे ऐकणारे लोक गालीलातले. वेदी यरुशलेमेत, तीन-चार दिवसांच्या पायी वाटेवर. म्हणजे अर्पणाचा पशू तिथे सोडून चार दिवस मागे चालत जायचं, समेट करायचा आणि पुन्हा चार दिवस चालत यायचं. आणखी एक गोष्ट: तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे, असं तिथे म्हटलेलं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. चूक कुणाची याची चौकशी त्या वचनात कुठेच नाही.

त्या दिवशी आईने वाचणं मध्येच थांबवलं. भाकरीचं पीठ मळून ती वाचायला बसली होती, बोटाला पीठ होतं. ते बोट त्याच ओळीवर बराच वेळ टेकलेलं राहिलं. मग ती उठून बाहेर गेली. मी दाराच्या फटीतून बघत होते. रांगेत तिचा हंडा दुसरा होता, काकूंचा पाचवा. आईने काकूंचा हंडा उचलला, आपल्या जागी ठेवला आणि आपला पाचव्या जागी नेऊन ठेवला. काकू आल्या, त्यांनी पाहिलं, एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभराने काकू म्हणाल्या, ‘‘अहो, तुमची मुलं शाळेत जातात, तुम्ही आधी भरा.’’ आई घरात येऊन पदराने डोळे पुसत राहिली. मत्तयाच्या त्या पानावर पिठाचा ठसा अजून आहे. कागद तिथे जरा जाड लागतो.

माझी स्वतःची वाचायची जागा लोकल. लग्न होऊन कळव्याला आले तेव्हापासून सकाळची गाडी, लेडीज डबा, खिडकी मिळाली तर खिडकी. आमच्या डब्यात कुणी मटार सोलतं, कुणी मोबाइलवर हनुमान चालीसा वाचतं, एक मुलगी कुराणाचं छोटं पुस्तक रुमालात गुंडाळून आणते. पुढच्या जेन्ट्स डब्यातल्या भजनी मंडळाच्या टाळांचा आवाज आमच्या डब्यापर्यंत यायचा त्या दिवसांपासून मी या लाइनची. माझं पुस्तक पाहून सुरुवातीला बायका जरा दचकायच्या. आता गर्दी वाढली की शेजारची म्हणते, ‘‘ताईंना बसू दे, त्यांचा पाठ व्हायचाय.’’

रेल्वेच्या डब्यात नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, वाचणारी मी काही पहिली नाही. कवी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाशी कवितेपासून धर्मापर्यंत बोलणं झालं. उतरताना त्याने त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी याच मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट आमच्या मंडळीत सगळ्यांना पाठ असते. मला मात्र त्यातली मधली दोन वर्षं हवीशी वाटतात. पुस्तक उघडायचं, मिटायचं, वाद घालायचा, पुन्हा उघडायचं. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर त्या वाटेवर यायला आणखी काही वर्षं लागली. त्यांची वर्षं जास्त कठीण गेली.

सकाळी मोबाइलवर जी वचनं येतात, उगवता सूर्य, फुलं आणि खाली एक ओळ, त्यांच्याबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. पाठवणाऱ्याचं प्रेम खरं असतं. पण वचनाला त्याच्या शेजाऱ्यांपासून तोडू नये. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन सगळ्यात जास्त येतं, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत. ते बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे. आदल्याच वचनात सांगितलंय की सत्तर वर्षं भरल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांनी ती सुटका डोळ्यांनी पाहिली नाही. आणि त्याच्याही वर लिहिलंय, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. माझे वडील दुष्काळी गावातून एक पत्र्याची पेटी घेऊन या शहरात आले आणि रेल्वेच्या वर्कशॉपात आयुष्यभर घण मारला. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत मुंबईचं नाव असायचं. ही प्रार्थना कुठून आली, ते सातवं वचन वाचल्यावर कळलं.

संपूर्ण शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत. रोज एक धरला तर सव्वातीन वर्षांत एक फेरी होते. त्यात कोरडे दिवस पुष्कळ येतात. पहिला इतिहास या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नावंच नावं. लेवीय या पुस्तकात भिंतीवरच्या चट्ट्यांचे नियम. काही दिवस मी वाचते आणि ठाण्याला गाडी थांबेपर्यंत काय वाचलं ते विसरलेली असते. तरी वाचते. आईही विसरत असेल. पोळी परवा काय खाल्ली हे कुणाला आठवतं, पण ती अंगी लागलेली असते.

हे सगळं मी जाणत होते, मंडळीच्या भगिनी मंडळात शिकवतही होते, आणि सात वर्षं सख्ख्या भावाशी बोलत नव्हते.

आई गेली त्याच्या पाचव्या दिवशी दादाच्या घरी, त्याच्या मुलांसमोर, मी त्याला म्हणाले, ‘‘आई अंथरुणावर होती तेव्हा तू कुठे होतास?’’ मी ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी यायचे, तेव्हा तो एकतर झोपलेला असायचा नाहीतर कामावर निघालेला. त्याची रात्रपाळी होती. त्याने उत्तर दिलं नाही. पुढे चाळीच्या पुनर्विकासाचे कागद आले, त्यांवर त्याने मला न विचारता सही केली, आणि मला बोलायचं थांबवायला चांगलं कारण मिळालं. भगिनी मंडळात मला क्षमेवर बोलायला सांगितलं तेव्हा मी अर्धा तास बोलले. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

आईचं पुस्तक माझ्याकडे आलं होतं. तेच मी जुन्या ओढणीत गुंडाळून पर्समध्ये नेते. त्यात तिच्या पेन्सिलीच्या तिरक्या खुणा, प्रत्येक फेरीची एक, अशा ओळीने. स्तोत्रांच्या नव्वदीनंतर मात्र शेवटच्या फेरीत तिरक्या रेघेऐवजी बारीक गोल आहेत. हात थरथरायला लागला असेल बिचारीचा, असं मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात योहानाचा एकविसावा अध्याय आला. या सात वर्षांत तो दोनदा येऊन गेला होता. सात शिष्य रात्रभर तळ्यात जाळं टाकतात, काही मिळत नाही. पहाटे काठावर कुणीतरी उभा आहे. जाळं उजवीकडे टाकतात आणि १५३ मोठे मासे लागतात. पेत्र पोहत काठावर येतो, तर तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासे, शेजारी भाकर. कोळशाचा विस्तव हा शब्द योहान दोनच ठिकाणी वापरतो. एकदा इथे, आणि एकदा अठराव्या अध्यायात, मुख्य याजकाच्या अंगणात, जिथे थंडीत शेकत पेत्राने मी त्याचा शिष्य नाही असं म्हटलं होतं. त्याच धुराच्या वासात प्रभू त्याला पुन्हा उभा करतो. आणि आधी काय म्हणतो? ‘‘या, न्याहारी करा.’’ प्रश्न आहेत, तीन आहेत, ते जिव्हारी लागणारे आहेत. पण ते खाणं झाल्यावर.

गाडी कांजूरला सिग्नलला थांबली होती. बाहेर रुळांवर पाणी. मी ती ओळ परत वाचली आणि मला कळलं की सात वर्षं मी दादाकडे फक्त प्रश्न घेऊन उभी आहे.

रविवारी उपासनेला गेले नाही. सकाळी ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, शेंगदाण्याची चटणी केली, वांग्याचं भरीत केलं आणि अंबरनाथची गाडी पकडली. वहिनीने दार उघडलं. तिने मला बघितलं, हातातला डबा बघितला आणि आत हाक मारली, ‘‘अहो, बघा कोण आलंय.’’ दादा बनियनवर बाहेर आला. केस पांढरे झालेत त्याचे. मी म्हणाले, ‘‘जेवून घेऊ या आधी.’’

जेवताना कुणी फारसं बोललं नाही. भाकरीचा पहिला तुकडा मोडून तो म्हणाला, ‘‘कडा आईसारख्याच जाड ठेवतेस.’’ नंतर मी माफी मागितली. जे त्याच्या मुलांसमोर बोलले होते ते मुलांसमोरच परत घेतलं. मुलं आता मोठी झालीत, धाकटी कॉलेजात जाते. कागदांचं बोलणं निघालं, ते मिटलेलं नाही, त्याला वेळ लागेल. मग मी पर्समधून पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. त्याने स्तोत्रसंहिता उघडली, पानं उलटली आणि एका गोलावर बोट ठेवलं.

‘‘हे गोल माझे,’’ तो म्हणाला.

शेवटचा दीडेक महिना आईला अक्षर दिसत नव्हतं. दादा रात्रपाळी करून सकाळी सातला घरी यायचा, हातपाय धुऊन तिच्या उशाशी बसायचा आणि एक स्तोत्र वाचायचा. तिने सांगितलं होतं, खूण कर, म्हणजे मला कळेल कुठवर आलोय. मग तो झोपायचा. मी संध्याकाळी यायचे तेव्हा तो झोपलेला असायचा.

एकशे एकोणिसावं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, आठ-आठ वचनांच्या बावीस कडव्यांचं. तिथे गोल प्रत्येक कडव्याला आहेत. आई दमायची, एका वेळी आठच वचनं ऐकायची. चौदाव्या कडव्याची सुरुवात होते, तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे आहे, तिथून. त्याच्या शेवटी, एकशे बाराव्या वचनाशेजारी, शेवटचा गोल आहे. पुढे पान कोरं. दादाने ते पान मला दाखवलं, आणि मी जे सात वर्षांपूर्वी त्याला विचारलं होतं त्याचं उत्तर त्याने तेव्हा का दिलं नाही, हे मी विचारलं नाही.

निघताना तो म्हणाला, ‘‘हे थोडे दिवस ठेवू का माझ्याकडे? राहिलंय ते वाचून टाकतो.’’ मी ओढणीसकट त्याच्या हातात दिलं.

सोमवारी सकाळच्या गाडीत खिडकी मिळाली. योहान संपला होता. मोबाइलवर प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय काढला. समोर मटार सोलणारीने हात थांबवून विचारलं, ‘‘ताई, आज पुस्तक नाही आणलं?’’

‘‘भावाकडे आहे,’’ मी म्हणाले.